माझ्या खोलीतली डबी

आमच्या घरात कोणतेही विधान पुराव्याशिवाय स्वीकारले जात नाही, असा माझा समज होता. विधान कितीही किरकोळ असो. एका कंपनीची बिस्किटे दुसरीपेक्षा अधिक कुरकुरीत असतात, असे आमच्या मुलीने, म्हणजे भिंगरीने, म्हटले की तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून तिला दोन्ही भरवली जात. जुन्या किटलीतला चहा नव्या किटलीपेक्षा दाट लागतो, असे सासूबाईंनी एकदा जाहीर केले. त्यांनाही सूट मिळाली नाही. निम्म्याच वेळा किटली ओळखता आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी नापास झाले म्हणून चहा पातळ होत नाही." या प्रकाराला आम्ही आंधळी परीक्षा म्हणत असू. ज्याची परीक्षा आहे त्याला उत्तर दिसता कामा नये, आणि जो परीक्षा घेतो त्याने निकाल जसा आहे तसा सांगायचा. बाकी नियम नव्हते.

ही पद्धत घरात मी आणली. मी पदार्थविज्ञान शिकले आणि स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीत ऐकण्याचे काम करते. हे सांगितले की लोक हसतात. नव्या स्पीकरची सगळी मोजमापे यंत्रे करतात, परंतु शेवटी कुणीतरी सरावलेल्या माणसाने तो ऐकून "ठीक आहे" किंवा "ठीक नाही" म्हणावे लागते. ते माणूस मी. कार्यालय दूरच्या इमारतीत गेल्यापासून नमुने घरी येत आणि मी ते माझ्या खोलीत ऐकून अभिप्राय पाठवी.

खोली म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. माझा नवरा एका हॉस्पिटलमधले संगणकांचे जाळे सांभाळतो. त्याची आई त्याला अजून गुंड्या म्हणते, आणि रागात असले की मीही म्हणते. घर बांधताना त्याने संगणकाला लावतात तीच केबल प्रत्येक भिंतीतून फिरवली. सगळ्या केबली जिन्याखालच्या कपाटात येतात. गाणी आणि चित्रपट तिथल्या एका यंत्रात असतात, आणि दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रही तिथूनच वाटले जाते. प्रत्येक खोलीत केबलच्या टोकाला साबणाच्या डबीएवढी एक डबी असते. केबलमधून आलेल्याचे ती पुन्हा चित्र आणि आवाज करते. त्यामुळे सासूबाईंची मालिका स्वयंपाकघरात पाहता येते आणि दाराशी कोण उभे आहे ते माझ्या खोलीतून दिसते.

आवाज कसा असावा, जाड किती आणि बारीक किती, हे प्रत्येक डबीत आत ठरवता येते. ते ठरवणे माझ्याकडे होते. मोजणीचा माइक मांडून मी सगळ्या डब्या सपाट केल्या होत्या, म्हणजे जे आत जाईल तेच बाहेर यावे, काही वाढवायचे नाही, काही कापायचे नाही. केबल त्याची, आवाज माझा. डब्यांचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता आणि दुसऱ्याच्या प्रांतात कुणी शिरायचे नाही, असे ठरले होते. लग्न ठरतानाही आमच्यात इतकी स्वच्छ बोलणी झाली नव्हती.

सासूबाईंना कमी ऐकू येते आणि त्याचे त्यांना काहीच वाटत नाही. "मला ऐकू येत नाही, तुम्हाला समजत नाही, फिटंफाट," असे त्या म्हणतात. मागे एकदा त्यांनी मला विचारले होते, "सूनबाई, माझ्या खोलीतलं बोलणं जरा टोकदार कर ना. सगळे तोंडात लाडू घेऊन बोलल्यासारखे वाटतात." मी नकार दिला. कान कमी असेल तर यंत्र कानाला लावावे, खोलीला नव्हे. खोटी खोली करून माणूस आपले कान ठीक आहेत असे समजून बसतो. त्यांनी कानाचे यंत्र घेतले नाही, मी डबीला हात लावला नाही. माझे म्हणणे तेव्हा बरोबर होते. आजही बरोबर आहे.

त्या शनिवारी दुपारी सासूबाईंनी हाक मारली. "अगं, माझी बाई गेली!"

"कोण बाई?"

"मालिकेतली. नवऱ्याला आता रंगेहाथ पकडणार, तेवढ्यात सगळा अंधार."

गुंड्या हॉस्पिटलात होता. केबल त्याची असली तरी बिघाड शोधण्याची पद्धत कुणाच्या मालकीची नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कशाबरोबर फिरतो ते पाहायचे. मी माझ्या खोलीतली चालू डबी काढून त्यांच्या खोलीत जोडली. चित्र आले. म्हणजे केबल ठीक, त्यांची डबी मेलेली.

"अगंबाई," सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आज सगळ्यांनी घास गिळून बोलायला सुरुवात केली की काय?"

"म्हणजे?"

"शब्द सुटे सुटे येताहेत. त्या चोरट्याचं 'स' सुद्धा ऐकू येतंय."

नव्या गोष्टीचे कौतुक माणसाला लगेच ऐकू येते. त्याची मी नोंद घेतली नाही. कपाटात एक कोरी डबी पडून होती. ती मी माझ्या खोलीत लावली, कारण माझे काम अडले होते. सोमवारपासून मी नव्या इमारतीतल्या श्रवणकक्षाची प्रमुख होणार होते. नव्या ऐकणाऱ्यांना तयार करायचे आणि शेवटचा शब्द माझा. याआधी तीनदा बोलावणे आले होते आणि तीनही वेळा गुंड्याने काही ना काही कारण काढले होते. "घरून चाललंय ना उत्तम, कशाला दगदग?" या वेळी मी त्याला न विचारता होकार कळवला होता. सोमवारच्या आत एका शेवटच्या नमुन्याचा अभिप्राय द्यायचा होता.

मी नमुना लावला. आवाजावर कुणीतरी गोधडी टाकली होती.

झांजेच्या जागी नुसती हवा. गायिकेचा श्वास नाही. कोरी डबी सदोष आहे, असे मी मानले आणि दिवाणखान्यातली डबी आणून लावली. गोधडी तशीच. कपाटातले केबलचे टोक दुसऱ्या खाचेत बसवले, मग केबलचा शेवटचा तुकडा बदलला, मग नमुना बाजूला ठेवून माझा जुना, ओळखीचा स्पीकर जोडला. गोधडी तशीच. दोष डबीबरोबर फिरत नव्हता, केबलबरोबर नव्हता, स्पीकरबरोबरही नव्हता.

मग मी माइक काढला. तो आधीच काढायला हवा होता, पण ज्याचे कान हेच यंत्र आहे ते माणूस माइक शेवटी काढते. पडद्यावर रेघ उमटली. सपाट. दिवाणखान्यातली डबी, सपाट. कोरी डबी, सपाट. माइक म्हणत होता की झांज वाजते आहे.

माइक घेऊन मी सासूबाईंच्या खोलीत गेले.

"थांब," त्या म्हणाल्या, "तिला पकडू दे त्याला."

जाहिराती लागल्यावर मी मोजणीचा आवाज सोडला. माझ्या खोलीत इतके दिवस असलेल्या डबीची रेघ मध्यापर्यंत सपाट गेली आणि मग जिन्यासारखी वर चढली. बारीक आवाज कितीतरी पटींनी वाढवलेले होते. हे बिघाडाने होत नाही. बिघाड वेडावाकडा असतो. ही रेघ कुणीतरी विचार करून, हलक्या हाताने काढलेली होती.

मग तेच गाणे मी तिथे लावले. त्या खोलीत मला झांज अगदी नेहमीसारखी ऐकू आली.

इतक्या बदलांत एकच गोष्ट मी बदललेली नव्हती, ती म्हणजे ऐकणारी. दोष तिच्याबरोबर फिरत होता.

मी दिवाणखान्यात जाऊन बसले आणि समोरच्या पडद्यांकडे पाहत राहिले. दोन वर्षांपूर्वी गुंड्याने ते आणले होते. जो माणूस स्वतःचा रुमाल कधी विकत घेत नाही, त्याने जाडजूड पडदे निवडून आणले याचे तेव्हा घरभर हसू झाले होते. त्यानंतर दिवाणखान्यातला आवाज माझ्या खोलीपेक्षा मंद वाटला की मी म्हणे, पडदे आवाज पितात. इतके योग्य कारण समोर टांगलेले असताना दुसरे कारण कोण शोधतो? माझ्यासाठी पुरावासुद्धा त्याने शिवून आणला होता.

तो संध्याकाळी आला. दाराशी बसून बूट काढू लागला.

"तुझ्या आईची डबी गेली होती. बदलली," मी म्हणाले.

"अरे वा. चालतंय ना?"

"झकास. शब्द सुटे सुटे ऐकू येताहेत म्हणतात."

त्याचा हात थांबला. एक बूट निघाला होता, दुसरा पायातच होता.

"कुठली लावलीस?"

"माझी."

नेहमी दुरुस्त करता येईल असे काहीतरी शोधणारा माणूस हातातल्या बुटाकडे पाहत राहिला.

"कधीपासून?" मी विचारले.

"पडद्यांच्या थोडं आधी."

"आणि सांगणार कधी होतास?"

"सांगणारच होतो गं."

"दोन वर्षांत मुहूर्त सापडला नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काम सोडलं असतंस."

"हो."

"बघ! मास्तरांना कसं घालवलंस, पाहिलंय मी."

मास्तर म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने ऐकणारे. ठरावीक मर्यादेपलीकडे कान कमी झाला की ऐकणाऱ्याने बाजूला व्हावे, हा नियम मी लिहिला होता, आणि तो पहिल्यांदा त्यांना लागू झाला. तेही मुकाट्याने गेले. दरवर्षी प्रत्येकाने आपला कान ठीक असल्याचे सही करून कळवायचे, हाही नियम माझाच. मी तशी सही केली होती, दोन्ही वर्षी.

"मास्तर माहीत असून गेले," मी म्हणाले. "त्यांना कुणी खोटं ऐकवून बसवून ठेवलं नव्हतं."

"खोटं काय त्यात? तुझा एक तरी अभिप्राय चुकला का? एक सांग." आता त्याला पायाखाली जमीन सापडली होती. "तुझं जेवढं कमी झालं, तेवढंच मी वाढवलं. रेसभर जास्त नाही. लोक चष्मा लावतात ना? मी तुझा चष्मा खोलीला लावला, एवढंच."

"चष्मा माणसाच्या नाकावर असतो, गुंड्या. त्याला माहीत असतं की तो आहे."

मग मला दुसरी गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती.

"जेवढं कमी झालं तेवढंच. ते किती, हे तुला कसं कळलं?"

त्याने माझ्याकडे न पाहता जिन्याकडे पाहिले. जिन्यात भिंगरी उभी होती. तिला बोलावलेले नव्हते, परंतु आमच्या घरात आवाज सगळीकडे जातो.

दर रविवारी संध्याकाळी ती माझी परीक्षा घेत असे. एकच तुकडा दोनदा वाजवायचा, एकदा मुळातला आणि एकदा वरचे बारीक सूर छाटलेला. मूळ कोणता ते मी ओळखायचे. ती लहान असताना खेळ म्हणून सुरू झाले आणि पुढे माझ्या वार्षिक सहीचा तोच आधार झाला. बाहेरच्या तपासणीपेक्षा मला ही अधिक भरवशाची वाटे. परीक्षा घेणारी मी स्वतः तयार केलेली होती.

"मीच सांगितलं बाबांना," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"तू अंदाजे बोलायला लागली होतीस. चेहऱ्यावर कळायचं. एकदा 'पहिला' म्हणालीस आणि ते चूक होतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरोबर म्हणाले."

"का?"

"तू इतकी खूश दिसलीस, आई."

मी वाट पाहिली. तिने जिन्याच्या कठड्यावरची एक खपली नखाने काढली.

"मग बाबा म्हणाले, नक्की किती ते पाहू. सुट्टीत आपण शिट्टीचा खेळ खेळलो ना, ऐकू आली की हात वर? ते... तेच होतं. मग बाबांनी डॉक्टरबाईंना विचारलं आणि डबी लावली. त्यानंतर तुझं बहुतेक बरोबरच यायचं. खरंच. कधीतरी नाही आलं, तर मी..."

"तर तू?"

"सवय झाली होती."

डॉक्टरबाई म्हणजे गुंड्याच्या हॉस्पिटलातल्या कानाच्या डॉक्टर. गेल्या वर्षी त्या आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. वयाबरोबर लोकांचे कान वरून कसे झिजत जातात आणि ते त्या लोकांच्याच कसे लक्षात येत नाही, हे मी त्यांना बराच वेळ समजावून सांगितले होते. त्यांनी एकदाही मला अडवले नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि मान डोलावत राहिल्या.

"आता एवढं काय झालंय?" सासूबाई त्यांच्या खोलीच्या दारातून म्हणाल्या. "तिनं पकडलं का त्याला?"

"पकडलं," मी म्हणाले. "आई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"तुझ्या कानाचं? हो की."

"या दोघांनी सांगितलं?"

"यांनी कशाला सांगायला पाहिजे? ऐकू न आलेल्या विनोदाला तू हसायला लागलीस. ती माझी युक्ती आहे गं, मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

त्या दाराला टेकल्या. "मी माझ्या खोलीचं मागितलं तेव्हा काय ऐकवलंस मला? खोटी खोली, अमुक नि तमुक. म्हटलं, जिला खोटी खोली चालत नाही, तिला कोणत्या तोंडानं सांगू की बाई, तू त्यातच राहतेयस?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, त्यामुळे ते ऐकणे आणखी अवघड होते. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "मी गुंड्याला विचारलं, तेव्हा त्यानं डबीचं सांगितलं. मी म्हटलं, सांगून टाक तिला. तो म्हणाला, बघू."

रविवारी सकाळी मी कंपनीला कळवले की सोमवारी येणार नाही. बाहेरची तपासणी होईपर्यंत माझा कोणताही अभिप्राय धरू नये, आणि गेल्या दोन वर्षांचे अभिप्राय दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घ्यावेत. गुंड्या मागे उभा राहून वाचत होता.

"दोन वर्षांचं कशाला उकरतेस? ते बरोबर आहेत. तुलाही माहितेय."

"बरोबर असतील. पण काम दोघांचं आहे आणि सही एकटीची."

"मी तुझ्यासाठी केलं."

"तेच म्हणतेय मी. माझ्यासाठी केलंस. मला विचारून नाही."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग तेच उत्तर होतं ना रे."

तो खुर्ची ओढून बसला. थकलेला दिसत होता आणि त्याच्याबद्दल मला वाईट वाटावे, अशी सगळी परिस्थिती होती. वाटले नाही. मी एकच हिशेब करत होते: या दोन वर्षांत मी ज्या ज्या वेळी ठामपणे 'मी स्वतः ऐकलंय' म्हणाले, त्या प्रत्येक वेळी हा शेजारी बसून होता.

"तुझी डबी परत लावू?" त्याने विचारले. "आईला नवी आणतो."

"ती त्यांच्याकडे राहू दे. त्यांनी मागितली होती."

संध्याकाळी मी भिंगरीला माझ्या खोलीत बोलावले. कोरी डबी तिथेच होती, सपाट. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसले.

"आई, आज नको ना."

"रविवार आहे. लाव."

तिने एक तुकडा लावला, मग दुसरा. मी डोळे मिटून ऐकले. पूर्वी अशा वेळी मला दोन सुरांमध्ये एक बारीक फट दिसायची आणि मी तिच्यातून आत शिरायची. आता भिंत होती. लोकरीची, ऊबदार, कुठेही फट नसलेली. बाजूच्या खोलीतून मात्र सासूबाईंची मालिका स्पष्ट येत होती, निदान त्यांना तरी.

"पहिला," मी म्हणाले.

तिचा श्वास मला ऐकू आला नाही, पण थांबला असावा असे वाटले.

"चूक," ती म्हणाली.

हा शब्द मी तिच्या तोंडून दोन वर्षांनी ऐकत होते. तिला तो उच्चारणे जड गेले होते आणि तिने तो उच्चारला होता. मी तिथेच थांबायला हवे होते. आंधळ्या परीक्षेत उत्तर बघायचे नसते. पाठीमागच्या माणसावर सोडायचे असते.

मी उठले, वळले आणि तिच्या हातातला फोन घेऊन स्वतः पाहिले. मूळ तुकडा दुसरा होता. ती खरे बोलली होती.

"खरंच सांगितलं मी," ती म्हणाली.

"हो. पाहिलं मी," असे म्हणून मी फोन तिला परत दिला. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसावे की नाही, ते मला ठरवता आले नाही. मी उभीच राहिले.